तिसऱ्या ‘नको’पर्यंत थांबायला काय जातं?

…नाही, पण मला एक सांगा, माणसाला परत एकदा विचारायला काय जातं हो? जीभ झिजते? पगार कापतात? ‘घेतेस ना गं?’ बस, एवढंच! आता तुम्ही सगळ्या इथे बसला आहात, खरं सांगा, कुणाच्या घरी गेल्यावर पहिल्याच फटक्यात ‘हो, वाढा की’ म्हणणारी इथे कोण आहे? हात वर करा. …बघा! एक हात वर नाही. त्या मागच्या काकूंचा आहे, पण त्या अंबाडा नीट करतायत.

तुम्हाला सांगते, मी तशी कमी बोलते. मला बघायला आले होते तेव्हा सागरच्या मावशींनी आईला हळूच विचारलं होतं, ‘मुलीला बोलता येतं ना?’ आई म्हणाली, ‘येतं, पण कधी लागलं नाही.’ आणि खरंच कधी लागलं नाही हो! देवरुखला आमच्या घरी सगळा कारभार एका शब्दावर चालायचा. नको. पहिलं ‘नको’ वळण म्हणून. दुसरं ‘नको’ समोरच्याचा आग्रह किती खरा आहे ते बघायला. आणि तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून ‘बरं, अगदी थोडं’ म्हणत ताट पुढे करायचं. आणि ‘अगदी थोडं’ म्हणजे किती, ते वाढणारीला बरोबर कळतं. कळतं की नाही?

तर अशी मुलगी गेली शेफील्डला. एक वर्षाचा मास्टर्स. विषय काय? अन्नशास्त्र. लक्षात ठेवा हं, अन्नशास्त्र! कारण यापुढची सगळी हकिकत उपासमारीची आहे.

पहिली संध्याकाळ. दोन विमानं, एक ट्रेन आणि एक उभी टेकडी चढून मी माझ्या घरमालकिणीच्या दारात उभी. हेझल तिचं नाव, साठीची बाई, पांढरे केस, गुडघ्यापर्यंत बूट, वरच्या माळ्याची खोली मला दिलेली. घरात सूपाचा असा वास सुटलेला… पोटात नुसता गलका. हेझलबाई म्हणाली, ‘दमली असशील. सूप घेतेस?’ आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, ‘नको.’

‘ओके, लव्ह,’ असं म्हणून तिने गॅस बंद केला.

बंद केला हो! झाकण ठेवलं, पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं, फ्रीजचं दार लावलं, आणि मी आपली तिथेच उभी, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत! मला वाटलं, आता वळेल, आता म्हणेल, अगं थोडं तरी घे. ती वळली आणि म्हणाली, ‘गुड नाईट.’ वर परत ‘लव्ह’! म्हणजे लव्ह म्हणायचं आणि उपाशी निजवायचं! त्या दिवशी आईने प्रवासासाठी दिलेला चिवडा मी असा एकेक शेंगदाणा मोजून खाल्ला की काय सांगू.

आणि हे एकदाच नाही. ‘आणखी एक ब्लँकेट देऊ?’ मी म्हणाले, ‘नको.’ महिनाभर स्वेटर घालून झोपले. वर्गातल्या एकीने गाडी थांबवली, ‘टेकडीवर सोडू का?’ हातात दोन पिशव्या, खांद्यावर तांदूळ, मी म्हणाले, ‘नको नको.’ मी दोनदा म्हणाले, तिने पहिलंच ऐकलं आणि गाडी भुर्रकन गेली. डिपार्टमेंटमध्ये कुणाचा तरी वाढदिवस, केक फिरतोय, माझ्यापर्यंत आला, मी म्हणाले… बरोबर. केक पुढे गेला आणि परत आलाच नाही. देवरुखला केक परत येतो हो! परत परत येतो! शेवटी ज्याला खरंच नको असतो तोसुद्धा केक घेऊन टाकतो, की एकदाचा थांबू दे म्हणून!

बरं, माणसं वाईट म्हणावीत तर तसंही नाही. उलट इतकी चांगली की रागवायची सोय नाही. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू. आपण त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच सॉरी म्हणणार. सकाळी जिन्यात भेटलं की ‘यू ऑलराईट?’ मला पहिले कित्येक दिवस वाटायचं हा खरंच विचारतोय. मी आपली मनात जुळवाजुळव करतेय, की ऑलराईट आहे तसं, पण घराची आठवण येते, आणि काल डाळ करपली… तोवर माणूस जिना उतरून रस्त्यावर! एकदाच विचारतात. सगळं एकदाच.

शेवटी एका रविवारी हेझलबाईने सफरचंदाचं क्रम्बल केलं. खाली मऊ शिजलेली सफरचंदं, वर खुसखुशीत थर, त्यावर गरम कस्टर्ड. ‘घेतेस?’ मी म्हणाले, ‘नको.’ आणि त्याच क्षणी माझं पोट असं गुरगुरलं की हेझलबाईने आधी बाहेर कुत्रं आलंय का बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘तुला हवंय ना? मग नको का म्हणतेस?’ मी म्हणाले, ‘तुम्ही परत विचाराल म्हणून.’ ती चमचा हातात धरून विचार करत बसली. मग म्हणाली, ‘पण तू नको म्हणालीस, आणि मी ऐकलं. माणसाचं ऐकायचं नाही, म्हणजे उद्धटपणा नाही का तो?’

बाईचं बरोबर होतं! आपलंही बरोबर! मधल्यामध्ये क्रम्बल थंड होत होतं. मग मी श्वास घेतला, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा पहिल्याच विचारण्याला म्हणाले, ‘यस प्लीज.’ काही झालं नाही हो! छप्पर कोसळलं नाही, देवरुखला आईला ठसका लागला नाही. वाटी भरून क्रम्बल आलं. संपवलं. ‘आणखी?’ ‘यस प्लीज!’ त्या दिवसापासून मी आरशासमोर उभी राहून सराव केला, यस प्लीज, यस प्लीज, आणि हळूहळू ब्लँकेट आलं, गाडीतून टेकडी चढणं आलं, केकचा तुकडा आला. राज्य मिळवलं मी, राज्य!

परतफेड म्हणून मी हेझलबाईला जेवायला बोलावलं. तव्यावरची पोळी पानात. तिसरी पोळी वाढताना ती म्हणाली, ‘नो, थँक यू.’ आता माझ्या स्वयंपाकाला कुणी एकदा नको म्हटलं तर मी ऐकणार आहे का? वाढली. पानात टाकायचं नाही ही त्या बाईची रीत, तिने खाल्ली. मी परत वाढली. तिने परत खाल्ली. शेवटी घाम पुसत, अगदी हळू आवाजात मला विचारते, ‘डियर… मला थांबायची परवानगी आहे का?’

असो. नाताळच्या सुट्टीत देवरुखला येऊन लग्न केलं, लग्न करून परत गेले, आणि ईस्टरच्या सुट्टीत पहिल्यांदा इथे, सोहारला, नवऱ्याच्या घरी आले. सागर इथे अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर. मस्कतला घ्यायला आला होता. आणि विमानतळापासून सोहारपर्यंत सबंध रस्ता मी, कमी बोलणारी मी, एकटीच बोलत होते! ‘सागर, मी आता बदललेय हं. आता मी इंग्लंडसारखं सरळ बोलते. हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. मला एकदाच विचारायचं.’ तो म्हणाला, ‘वा! किती सोपं झालं!’ इंजिनियर माणूस. त्याने ते डोक्यात पक्कं बसवून टाकलं.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, संसार लावून द्यायला. आता आमच्या सासूबाई म्हणजे आग्रहाच्या महाराणी. लग्नात त्यांनी फोटोग्राफरला इतकं वाढलं की तो सप्तपदीच्या वेळी कोपऱ्यात आडवा होता, आमच्या अल्बममध्ये चक्क पाच पावलांचे फोटोच नाहीत.

आठवड्याने मला शेफील्डला परत जायचं होतं. शेवटची टर्म आणि प्रबंध. विषय काय घेतला होता मी? खजूर! साखरेऐवजी खजूर कसा वापरता येईल, तो किती टिकतो, कसा टिकतो. नमुने तिथल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये माझ्या नावाची चिठ्ठी लावून माझी वाट बघत पडलेले. ते काम स्वतः तिथे उभं राहून केल्याशिवाय पदवी नाही. आणि त्या दिवशी जेवताना सागर पापड मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘यशू… परत जायलाच हवं का गं? म्हणजे… जायचंय का तुला?’

सासूबाईंची पळी हवेत थांबली.

आता मला सांगा, नवी सून, समोर सासूबाई, नवऱ्याचा चेहरा असा हातातल्या पापडासारखा… तिथे ‘यस प्लीज’ कुणाच्या तोंडून निघेल? पाच महिन्यांचा आरशापुढचा सराव एका क्षणात गेला, आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, ‘नको… कशाला…’

आणि थांबले. मान खाली. विचारा आता. म्हणा, अगं असं कसं, एवढं शिकलीस, जा, पूर्ण कर. मग मी दुसऱ्यांदा नको म्हणेन, तिसऱ्यांदा तुम्ही रागवा, मग मी ‘बरं’ म्हणून बॅग भरते! सगळं ठरलेलं आहे! सागर म्हणाला, ‘खरंच?’ आता हे ‘खरंच’ विचारण्यात धरायचं का आनंदात? मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आनंदच होता. उरलेला अख्खा पापड त्याने माझ्या पानात ठेवला. मी सासूबाईंकडे बघितलं. आग्रहाची महाराणी! त्यांनी पळी खाली घेतली, आमटी वाढली, आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

खलास.

दुसऱ्या दिवशी इमारतभर झालं. वरच्या मजल्यावरच्या बाई, ‘बरं केलंस हो, इंग्लंडमध्ये काय ठेवलंय?’ खालच्या मजल्यावरच्या बाई, ‘मुलाला किती दिवस बाहेरचं जेवायला लावणार?’ सागर शीळ वाजवत पडद्याचं कापड बघायला लागला. तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं ना! कुणाला सांगू? ज्या माणसाने लग्नानंतर पहिल्यांदा शीळ वाजवत चहा केला, त्याला? आणि तो काय म्हणेल? तूच म्हणाली होतीस, एकदाच विचार! मी पडदे निवडले हो. रडू आवरत पडदे निवडले. शेवाळी रंगाचे.

आमच्या शेजारी कुलसुमआपा. राजापूरच्या, पण सोहारमध्ये त्यांची तिसरी पिढी, अरबी अशी बोलतात की बाजारात ओमानी माणूससुद्धा भाव करायला त्यांना पुढे घालेल. त्या सांदणं घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगो, आनंदाची बातमी आहे तर चेहरा असा का? नमुन्याचे खजूर मेले काय तुझे?’ मी म्हणाले, ‘नाही, काही नाही.’ हे माझं दुसरं लाडकं वाक्य. त्या ‘हं’ म्हणाल्या. पण तो ‘हं’ साधा नव्हता.

त्याच शुक्रवारी सागरच्या साहेबांकडे, सालिम त्यांचं नाव, आम्हाला बोलावणं होतं. नवी सून बघायला. पुरुष एका दालनात, बायका दुसऱ्या. आमच्याकडे उम्म सालिम, म्हणजे सालिमसाहेबांची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मी, सासूबाई, आणि दुभाषी म्हणून कुलसुमआपा. गालिच्यावर बसलो. खजूर आले, हलवा आला, आणि मग उम्म सालिम स्वतः डाव्या हातात कहव्याची उंच चोचीची किटली आणि उजव्या हातात बिनकानाचा एवढासा कप घेऊन पुढे. वेलदोडा घातलेली कडू कॉफी, दोन घोटांची. मी प्यायले. त्यांनी परत ओतली. मी प्यायले. परत ओतली. मी म्हणाले, ‘ला, शुक्रन,’ म्हणजे नको. त्या हसल्या आणि ओतली. मी परत नको म्हणाले. ओतली. तिसरं नको. ओतली! अहो, तिसऱ्या ‘नको’च्या पलीकडे मी आयुष्यात कधी गेलेच नव्हते, मला चौथं येतच नाही!

आणि सासूबाई? सासूबाईंची तर अवस्था बघवत नव्हती. ‘नको हो. खरंच नको. शप्पथ नको!’ उम्म सालिम मान डोलावतायत आणि ओततायत. सासूबाईंनी कपावर हात ठेवला. उम्म सालिमनी तो हात हळूच, प्रेमाने उचलला, त्यांच्याच मांडीवर ठेवला, आणि ओतलं! आयुष्यभर लोकांच्या पानात जिलब्या सोडणारी माझी सासू, तिला तिच्याहून वरचढ बाई भेटली होती! घाम पुसत त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘यशश्री… इथे थांबायची काही सोय आहे का गं?’

मला हेझलबाई दिसली हो त्यांच्या चेहऱ्यात. साक्षात!

कुलसुमआपा इतका वेळ पदराआड हसत होत्या. म्हणाल्या, ‘अगो, तोंडाने काय सांगताय? कप हलवा, कप! असा हातात धरून डावीउजवीकडे हलवायचा. मग देत नाहीत. तोंडाचा नको इकडे कुणी धरत नाही, तो पाहुण्याचा मान. कप हलला की खरा नको.’ सासूबाईंनी कप असा हलवला की घंटाच. आणि उम्म सालिमनी किटली खाली ठेवली. सासूबाई खूश! ‘किती शहाणी रीत आहे! आपल्याकडे का नाही काढली कुणी?’

मग उम्म सालिमनी मला विचारलं, काय शिकतेस? आपांनी सांगितलं, खजूर. त्यांचे डोळे असे चमकले! त्यांच्या स्वतःच्या बागा, खजुराच्या जाती त्या पोरांच्या नावांसारख्या सांगायला लागल्या. मग म्हणाल्या, शिक्षण संपणार कधी? आणि सासूबाई म्हणाल्या, ‘नाही, ती आता जात नाहीये. तिनेच नको म्हटलं.’

आपांनी अरबीत सांगितलं. उम्म सालिम वळल्या. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात एक वाक्य बोलल्या. कुलसुमआपांनी ते लगेच सांगितलं नाही. आधी मस्त हलवा खाल्ला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, ‘त्या विचारतात, तिने कप हलवला होता का?’

सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे. माझ्या हातात कप. रिकामा. सासूबाई माझ्याकडे बघतायत, उम्म सालिम बघतायत, किटलीच्या चोचीतून वाफ येतेय… आणि मी, देवरुखची मी, बोलता येतं पण कधी लागलं नाही अशी मी, तो कप न हलवता सरळ पुढे धरला. म्हणाले, ‘नाही. नव्हता हलवला. मला जायचंय, आई. मला पूर्ण करायचंय.’

सलग! मध्ये एक ‘नको’ नाही, एक ‘कशाला’ नाही!

उम्म सालिमनी कप भरला. एवढी कडू कॉफी आणि मला ती क्रम्बलसारखी लागली.

सासूबाई म्हणाल्या, ‘अगं मग तेव्हाच सांगायचं नाही का!’ मी म्हणाले, ‘तुम्ही परत विचारलंच नाहीत!’ ‘मी विचारणारच होते! पण सागर म्हणाला, ती आता इंग्लंडसारखी बोलते, तिला एकदाच विचारायचं. आणि परत विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, सासू मला घरातून घालवते आहे. पळी हातात धरून मी किती विचार केला माहितीये? आमटी गार झाली.’ घ्या! म्हणजे त्या मला परत पाठवायला तयार, मी परत जायला तयार, आणि दोघी एकमेकींच्या मानापायी पडदे निवडतोय!

परतताना गाडीत सासूबाईंनीच सागरला सांगितलं. गोल चौक आला, आमच्या घराचा फाटा आला, त्याने वळण घेतलंच नाही, परत चौकाला फेरी. परत फाटा, परत फेरी. तिसऱ्या फेरीला म्हणाला, ‘यशू, तिकीट रद्द नव्हतं केलं मी.’ मी म्हणाले, ‘का?’ तो म्हणाला, ‘तू पडदे निवडलेस तेव्हा एकदाही भाव विचारला नाहीस. मनापासून निवडणारी बाई भाव विचारते.’ आणि मग वळला.

मस्कतला सोडायला आला. मी म्हणाले, ‘नको थांबूस, तुझी ड्युटी आहे.’ तो थांबला. परत म्हणाले, थांबला. विमान उडेपर्यंत थांबला. शिकतोय.

उम्म सालिमनी खजुराचे इतके डबे दिले होते की कस्टमवाल्याने विचारलं, दुकान काढताय का? प्रयोगशाळेत खजूर, हेझलबाईच्या टेबलावर खजूर, क्रम्बलमध्ये खजूर. आणि निघायच्या दिवशी हेझलबाईने वाटी पुढे केली. मी म्हणाले, ‘यस प्लीज.’ खाल्लं. ‘आणखी?’ खरंच पोट भरलं होतं, म्हणून म्हणाले, ‘नो, थँक यू.’ तर बाई डोळे मिचकावून म्हणते, ‘नक्की ना, लव्ह? थोडंसं?’ मला असं भरून आलं… मी घेतलं.

प्रबंधाला डिस्टिंक्शन मिळालं. हो, टाळ्या वाजवा, मी नको म्हणणार नाही! सासूबाईंनी इमारतभर पेढे वाटले, वरच्या बाईंना वाटले, खालच्या बाईंना तर दोनदा, आणि प्रत्येकीला सांगितलं, ‘आमची यशश्री मोजकं बोलते, पण बोलते ते सलग.’ आणि घरात नियम करून टाकला. यापुढे तोंडाच्या ‘नको’ला काही अर्थ नाही. ज्याला खरंच नको असेल त्याने वाटी हलवायची.

आता कालचीच गोष्ट. पाडवा. सासूबाई परत आल्यात, त्यांनी लबनेचं, म्हणजे इथल्या घट्ट दह्याचं, श्रीखंड केलेलं, केशर, वेलची, वर चारोळी. पहिली वाटी मी कधी संपवली कळलं नाही. त्या दुसऱ्यांदा वाढत वाढत माझ्याकडे येतायत, आणि मी कुलसुमआपांना ही सगळी गोष्ट सांगतेय. तुम्हाला माहितीये, मी तशी कमी बोलते. पण हल्ली सुरू झाले की हातवारे होतात. रिकामी वाटी हातात. सासूबाई कप कसा हलवत होत्या ते मी करून दाखवलं…

आणि पातेलं पुढे गेलं.

मी ओरडले, ‘आई! मला हवंय! हो! यस प्लीज!’ त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या, ‘आता बोलून काय उपयोग? वाटी हलली.’ सागरकडे बघितलं. तो माझं श्रीखंड खात म्हणाला, ‘हलली खरी.’

डिस्टिंक्शन आहे हो माझ्याकडे. अन्नशास्त्रात. श्रीखंड नाही.